गॅलरीतली मालदांडी आणि रस्त्यावरचा दिवा

सोलापूरच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी घाटकोपर-मुलुंडच्या गॅलरीत येईल का? येईल. पण ऊन, माती, पाणी यांखेरीज तिला आणखी एक गोष्ट हवी : अंधार.

‘मालदांडी ३५-१’ हा मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला रब्बीचा वाण. रब्बी ज्वारीचे असे जुने वाण दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्याकडे वळतात. मुंबईत जूनमधला मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा. एवढा फरक रोपाला पुरतो. दिवसमानाचा हा परिणाम गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० साली तंबाखूसारख्या झाडांवर दाखवला. पुढे कळले, की झाड खरे तर सलग रात्र मोजते.

मग उपनगरातल्या लख्ख रात्री काय होते? आपण वर्गासह पाहू. सप्टेंबरअखेरीस दोन मोठ्या कुंड्यांत चार-चार दाणे पेरा. ऊन-पाणी सारखेच द्या. एक कुंडी रात्री दिव्याच्या उजेडात राहू द्या. दुसरीला रोज संध्याकाळी पुठ्ठ्याचा आडोसा करा. कोणती आधी पोटरीत येते, ते तारखेसह नोंदवा. दिवा मंद असेल तर फरक दिसणारही नाही, तेही उत्तरच.

एक काळजी घ्या. कोवळ्या ज्वारीच्या पानांतून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटते. ती मुलांनी चघळू नयेत, शेळी-सशालाही घालू नयेत.

कणसे भरू लागली की पाखरे येतील. निदान एका कणसाला कापडी पिशवी बांधा. हुरडा खाण्याचा मोह आवरला, तर पुढच्या वर्गासाठी बियाणे उरेल.