अशांत जगात शांती (लेखांक सहावा) : टिळकांचे समाधान आणि लक्ष्मीबाईंचा वनवास

मागच्या लेखांकात आपण डोंगरावरचे प्रवचन पाहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातले ते तीन अध्याय एका मराठी कवीने वाचले आणि त्याच्या घरादाराची उलथापालथ झाली. ही हकीकत नागपूरकरांना जवळची वाटावी अशी आहे.

नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. संस्कृत ग्रंथांचे काम, विद्वानांची ऊठबस, धर्मावर वादविवाद, सगळे होते. मनाला स्वस्थता तेवढी नव्हती. जातिभेद मोडल्याशिवाय या देशाचे बरे होणार नाही, हे त्यांना पटले होते. पण त्याला धर्माचा आधार कुठला, ते सापडत नव्हते. १८९३ साली राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली, म्हणून ते नाशिकहून आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, मग धर्माचा विषय निघाला. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून टाकले. गंमत म्हणजे दोघांनीही एकमेकांचे नाव विचारले नाही.

टिळक हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. वर्षानुवर्षे छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथे मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले.

बहुतेक चरित्रे इथे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र त्याच प्रवचनातली एक आज्ञा आठवते. वेदीवर अर्पण वाहताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, मग वेदीकडे यावे. टिळकांनी क्रम उलटा केला. ते वेदीपाशी पोहोचले आणि मागे पत्नी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आकाश कोसळले. पदरात लहानगा दत्तू, आधार नातेवाइकांचा, आणि नवरा असून नसल्यासारखा. पुढची काही वर्षे त्यांनी अशीच काढली.

अखेर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला गेल्या, पण सोवळे-ओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा इथे झाली, आणि ते उतरले. शीघ्रकोपी स्वभाव मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला. बाप्तिस्म्याने माणूस एका रात्रीत शांत होतो, असे कोणी सांगत असेल तर त्याने लक्ष्मीबाईंची साक्ष काढावी.

त्या स्वतः बदलल्या त्या प्रवचन ऐकून नव्हे. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे त्यांना विचार करता करता उमगले. मग कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातल्या पोरक्या मुलांना त्यांनी घरात घेतले, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली. भोवताली मरण थैमान घालत असताना ही बाई हसवतही होती. ख्रिस्ती श्रद्धेतली शांती म्हणतात ती मला इथे दिसते. संकट टळले म्हणून ती आली नव्हती. संकटात हाताला काम होते आणि त्या कामामागे देव आहे अशी खात्री होती.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ९ मे १९१९ रोजी ते गेले. अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, तेही जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने.

वाचकांना एकच विनंती. या विषयावरची उपदेशाची पुस्तके थोडी बाजूला ठेवा आणि आधी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचा. पुढच्या आठवड्यात नागपूरचेच मिशनरी स्टीफन हिस्लॉप.