सेकंडहँड फोर बाय फोर घेताय? 'लॉक' म्हणजे नेमकं कोणतं लॉक, ते आधी विचारा



आमचं शेत वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात आहे. गावापासून शेतापर्यंत पांदण रस्ता. उन्हाळ्यात तिथून स्कूटीही जाते, पण जुलै लागला की काळी माती फुगते आणि टायरला अशी चिकटते की चाक ओळखू येत नाही. बाबांनी तुरीचे पैसे बाजूला ठेवले आणि म्हणाले, "जुनी फोर बाय फोर पाहा, पण फसू नको."

पहिलीच गाडी पाहिली ती जुनी जिप्सी, एमएच-३२ पासिंगची. विकणारा म्हणाला, "भाऊ, हिला लॉक आहे, चिखलात कुठंच फसत नाही." त्या लॉकचे म्हणून त्याने ५० हजार जास्त सांगितले. मी टोकन देणारच होतो. सोबत नेलेल्या मिस्त्रीकाकांनी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं, "अरे, हे हब लॉक आहे. डिफ लॉक नाही." त्या एका वाक्याने आमचे पैसे वाचले. तुमचेही वाचावेत म्हणून हा लेख.

डिफरन्शिअल कशासाठी असतो?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि तुम्ही पूर्ण यू-टर्न घेतला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर एक चाक रस्त्यावर घासत जाईल. म्हणून ॲक्सलच्या मध्ये गिअरांचा एक संच बसवतात. तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. हाच डिफरन्शिअल.

मग गाडी फसते का?

साधा डिफरन्शिअल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतो. एक चाक चिखलात गेलं की ते फिरवायला अगदी कमी ताकद लागते. मग पक्क्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढीच कमी ताकद मिळते. एक चाक गरागरा फिरतं आणि गाडी जागीच.

फोर बाय फोरमध्ये असे दोन डिफरन्शिअल असतात, एक पुढे आणि एक मागे. पुढचं एक आणि मागचं एक चाक एकाच वेळी घसरलं, तर फोर बाय फोर असूनही गाडी उभी राहते. पांदणीत चाकोरी खोल असली की नेमकं हेच होतं.

इथे डिफ लॉक कामी येतो. तो एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकमेकांना पक्की बांधतो. मग पकड असलेल्या चाकाला ताकद मिळते. घरी ट्रॅक्टर असेल तर हे तुम्ही पाहिलंच असेल. नांगरताना एक चाक घसरलं की पायाने दाबतात ते छोटं पेडल डिफ लॉकचंच.

'लॉक'चे प्रकार

- हब लॉक: पुढच्या चाकाच्या मधोमध असतो. चाक आणि पुढचा ॲक्सल जोडतो किंवा सोडतो. फोर बाय फोर चालण्यासाठी तो लागतो, पण घसरणाऱ्या चाकावर त्याचा काही उपयोग नाही.
- हाताने लावायचा डिफ लॉक: लिव्हर ओढला की लागतो. फोर्स गुरखाच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे असा लॉक मिळतो.
- आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक: याला बटण नसतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला साधारण १०० फेऱ्या जास्त फिरू लागलं की तो स्वतः लागतो, तोही कमी वेगातच. महिंद्रा थारमध्ये मागच्या ॲक्सलला हा मिळतो, पण सगळ्या व्हेरिएंटला नाही. बोलेरो निओच्या एन१० ऑप्शन व्हेरिएंटमध्येही आहे, मात्र ती गाडी फोर बाय फोर नाही!
- ब्रेकवाला: घसरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, त्यामुळे दुसऱ्या चाकाला ताकद मिळते. मारुती जिम्नीमध्ये ही सोय आहे. काम करतं, पण हा खरा लॉक नाही.

म्हणून "लॉक आहे का?" एवढंच विचारू नका. "कोणत्या ॲक्सलला आहे, आणि कसा लागतो?" असं विचारा.

घेण्याआधी टेस्ट कशी करायची?

१. गॅरेजमध्ये: पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. इंजिन बंद, टू-व्हील मोड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शिअल मोकळा आहे. हाताचा लॉक लावल्यावर चाक फिरायला नको. आपोआप लागणारा लॉक मात्र हळू फिरवल्यावर मोकळ्यासारखाच वागतो, म्हणून तो खराब आहे असं समजू नका.

२. मातीत: आपोआप लॉकची परीक्षा इथेच होते. टू-व्हील मोडमध्ये मागचं एक चाक ओल्या मातीत, दुसरं पक्क्या जागेवर. हळू आणि एकसारखा ॲक्सिलरेटर द्या. चाक क्षणभर फिरून 'खट्' आवाज आला आणि गाडी निघाली, तर लॉक जिवंत आहे. मित्राला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा.

३. तेल: डिफरन्शिअलचं तेल थोडं काढून पाहा. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. लोखंडाचे तुकडे दिसले तर आतले गिअर गेलेत.

एक गोष्ट चुकूनही करू नका: आपोआप लॉकवाल्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. लॉक लागला की जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलून देतं. खाली माणूस असेल तर जीव जाऊ शकतो.

फोनवर पाच मिनिटं

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून रजिस्ट्रेशनची तारीख आणि विमा पाहा. ई-चलन बाकी आहे का तेही बघा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबर मात्र गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. खासगी गाडीला १५ वर्षं होत आली असतील तर पुन्हा नोंदणीचा खर्चही भावात धरा.

लॉक म्हणजे जादू नाही

चारही चाकं काळ्या मातीने भरून गुळगुळीत झाली तर लॉक कोणाला ताकद देणार? टायर चांगले हवेत आणि चारही एकाच साइजचे हवेत. हाताचा लॉक डांबरी रस्त्यावर लावू नका, गाडी नीट वळत नाही आणि ॲक्सलवर ताण येतो.

शेवटी आम्ही मागच्या ॲक्सलला मेकॅनिकल लॉक असलेली जुनी थार घेतली. पैसे देण्याआधी ती आमच्याच पांदणीत नेली. मागचं डावं चाक फिरलं, 'खट्' झालं आणि गाडी बाहेर आली. बाबा एवढंच म्हणाले, "आता दे पैसे."

तुमच्या ओळखीत कोणी जुनी फोर बाय फोर पाहत असेल, तर टोकन देण्याआधी त्याला हा लेख नक्की पाठवा.