बॉयलरची उष्णता आणि तिचा हिशेब

बॉयलर-हाउसात नवा उमेदवार आला, की त्याची नजर प्रथम दाबमापकाच्या काट्यावर खिळते. काटा वर आहे, म्हणजे बॉयलर उत्तम चालला, अशी त्याची समजूत. उमेदवारीत आमचीही तीच होती. पण काटा वाफेचा केवळ दाब सांगतो. बॉयलरने तासाला किती उष्णता दिली आणि त्यासाठी किती इंधन खाल्ले, याविषयी तो मुका असतो. हे प्रश्नही दोन आहेत : पहिला उत्पादनाचा, दुसरा कार्यक्षमतेचा. भरपूर वाफ देणारा बॉयलर उधळ्याही असू शकतो.

आपल्याकडील साखर कारखान्याचेच उदाहरण घेऊ. तेथे इंधन म्हणजे बगॅस, रस काढून उरलेला उसाचा चोथा. समजा, एका तासात १० टन बगॅस जळाला आणि २२ टन वाफ निघाली. दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो, तापमान ३४० अंश. अशा एक किलो वाफेत सुमारे ७४० किलोकॅलरी उष्णता असते. मात्र बॉयलरला पाणीच ९० अंशांचे मिळाले, तर ते ९० किलोकॅलरी बरोबर घेऊनच येते. बॉयलरने स्वतः घातल्या त्या ६५० च. हे ९० वजा करायला उमेदवार हटकून विसरतो! २२,००० गुणिले ६५० म्हणजे ताशी १ कोटी ४३ लाख किलोकॅलरी. हे झाले उष्णतेचे उत्पादन. निम्मा ओलावा असलेल्या किलोभर बगॅसमध्ये सुमारे २,२७० किलोकॅलरी असतात. तेव्हा भट्टीत गेल्या २ कोटी २७ लाख. कार्यक्षमता शेकडा ६३.

उरलेला ३७ चा वाटा गेला कुठे? बहुतेक धुराड्यातून. किलोभर बगॅसमध्ये अर्धा किलो पाणीच असते. ते तापवून त्याची वाफ करण्यात सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि ती वाफ कारखान्याच्या कामी न येता आकाशात जाते. शिवाय बगॅसमधला हायड्रोजन जळून आणखी पाणी तयार होते. त्याचीही तीच गत. दोन्ही मिळून शेकडा २० तरी गेलेच. म्हणून चरकातून चोथा अधिक ओला आला, तर फायरमनवर रागावण्यात अर्थ नसतो. विचारायचे ते चरकवाल्यांना.

हवा मात्र फायरमनच्याच हाती. ती कमी पडली, तर इंधन अर्धवट जळून काळा धूर निघतो. फाजील झाली, तर तीच तापून उष्णता घेऊन पळते. आम्ही जाळ पाहण्याच्या हौसेने भट्टीचे दार उघडे ठेवीत असू. एकदा म्हाताऱ्या फायरमनने ते फावड्याने ढकलून लावले आणि म्हणाला, "आता बघ तुझा काटा." तो चांगलाच खाली आला होता.