बागेतले पक्षी कसे मोजायचे?

• वेळ : सूर्योदयानंतरचे दोन तास. तेव्हा पक्षी सर्वांत बोलके असतात.
• पद्धत : ठरावीक जागी १० मिनिटे स्तब्ध उभे राहा, दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक पक्षी वहीत टिपा.
• ओळख : तांबट शेंड्यावरून ‘टुक् टुक्’ करतो, शिंपी पानाच्या कडा कापसाने टाचून घरटे शिवतो.
• कुठे : संभाजीनगरात विद्यापीठाचे वनस्पती उद्यान, हिमायतबाग. पाचोड गावच्या लोकांना घरची मोसंबीची बागही पुरे. पाणपक्ष्यांसाठी पैठणजवळ जायकवाडी अभयारण्य (१९८६).
• कधी : ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह. पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा.

एकच बाग बाराही महिने मोजा; पाहुणे कोण, रहिवासी कोण, ते वहीच सांगेल.