तुटलेले मज्जातंतू कसे जोडतात?

फुटक्या काचेने मनगटावर खोल जखम झाली, रक्त थांबले, कातडीला चार टाके पडले, म्हणजे प्रकरण मिटले अशी समजूत घरोघर आढळते. पुढे करंगळी बधिर राहते, बोटे वाकडी होऊ लागतात, तेव्हा धावाधाव होते. आत मज्जातंतू तुटलेला असतो. म्हणून जखम शिवण्यापूर्वीच, बधिर करण्याचे औषध टोचण्याच्याही आधी, प्रत्येक बोटाच्या टोकास स्पर्श कळतो की नाही हे पाहून घ्यावे.

विजेची तार जोडली की दिवा लगेच लागतो. मज्जातंतूचे तसे नाही. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचे तंतू कापून दाखवून दिले की, तुटीपलीकडचा भाग झिजून नाहीसा होतो; मागे उरतात त्या रिकाम्या नळ्या. मज्जारज्जूकडील टोकातून फुटणारे नवे अंकुर या नळ्यांतून दिवसाला सुमारे १ मिलिमीटर पुढे सरकतात. शस्त्रवैद्याचे टाके केवळ वाट सांधतात, चालणे तंतूलाच भाग असते! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने सहज लागतात. खांद्यापासून हातापर्यंत वर्षाहून अधिक. इकडे चेतना न मिळालेले स्नायू वर्ष-दीड वर्षात निकामी होतात. खरी शर्यत आहे ती ही.

धारदार शस्त्राने झालेली तूट असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, दोन्ही टोके समोरासमोर शिवतात. (मुक्या मारात तंतू पुष्कळदा नुसता दबलेला असतो, तेथे काही आठवडे वाट पाहणेच शहाणपणाचे.) टोके ओढून मात्र जोडू नयेत, ताण पडला की सांध्यावर वण धरतो व अंकुर अडकतात. अंतर पडले असल्यास पोटरीमागील तंतूचा तुकडा मध्ये बसवितात. त्यापायी पावलाची बाहेरची कड बधिर होते, एवढीच किंमत. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी ही रीत रूढ केली.

वाटच फार लांब असेल तर? १९९४ साली फ्रान्समध्ये ओबेर्लँ यांनी करंगळीकडे जाणाऱ्या तंतूतील थोडे धागे जवळच्याच, कोपर वाकविणाऱ्या स्नायूस जोडून दिले. शेजाऱ्याकडून पाणी घ्यावे तसेच हे.

आणि स्नायू गेलेच, तर चांगल्या स्नायूची कंडरा वळवून निकामी बोटांस जोडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात याच उपायाने कामाचे केले. बोटे हलतात, स्पर्श मात्र त्याने परत येत नाही.