इंग्रजांना ऐकू न येणारं अक्षर

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडा, ओठांसमोर लोंबती धरा आणि म्हणा, ‘पळ’. पट्टी जेमतेम हलेल. आता ‘फळ’ म्हणा, पण दात न लावता, दोन्ही ओठ मिटून, जुनी माणसं म्हणतात तसं. उडाली ना फडफडून?

हीच पट्टी लंडनच्या माणसासमोर धरा. ‘पिन’ म्हणताना ती उडते. ‘स्पिन’ म्हणताना ढिम्म! म्हणजे पहिल्या शब्दात तो चक्क आपला फ उच्चारतो आणि दुसऱ्यात आपला प. गंमत अशी, की हे त्याला स्वतःला ठाऊकच नसतं. त्याच्या लेखी दोन्ही ‘पी’च. तोंडात दोन अक्षरं, कानात मात्र एक.

आता समजा, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली डॉक्टर इंग्लंडमध्ये एखाद्या पेशंटला फोनवर विचारते, ‘पिल’ घेतली का? तिने आपला स्वच्छ, वारा न सोडणारा मराठी प वापरला. पलीकडे ऐकू जाऊ शकतं ‘बिल’!

असं का व्हावं? याचं उत्तर मिलिसेकंदांत आहे. न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी 11 भाषांमधली व्यंजनं मोजली आणि 1964 मध्ये निष्कर्ष छापले. त्या अकरांत मराठी होती! त्यांनी मोजला तो ओठ उघडल्यापासून कंठ घुमू लागेपर्यंतचा वेळ. इंग्रजी ‘पी’ला सरासरी 58 मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाचा साधारण सतरावा भाग. ‘बी’ला लागला जेमतेम 1. आणि मराठी प? शून्याच्या आसपास, इंग्रजी ‘बी’च्या अगदी मांडीला मांडी लावून. त्यामुळे पेशंटचा कान चुकत नाही आणि डॉक्टरची जीभही चुकत नाही. दोघांच्या हद्दी वेगवेगळ्या ठिकाणी आखलेल्या आहेत, एवढंच.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. वेळ मोजण्याच्या या एकाच पट्टीने बहुतेक भाषांतली व्यंजनं छान वेगळी होत गेली. ती अडली कुठे? हिंदी-मराठीच्या भ, ध, घ पाशी. नुसत्या वेळावरून ब आणि भ वेगळे काढता येईनात. ‘बार’ आणि ‘भार’ यांतला फरक वणीचं शेंबडं पोरही सांगेल!

फ, ठ, ख तर आपल्याकडे आहेतच; तेव्हा इंग्रजीसाठी नवं काही शिकायचंच नाही. शब्दाच्या तोंडी ‘टाइम’ला थोडा ठ द्या, ‘कोट’ला थोडा ख. ‘एस’नंतर मात्र नको: ‘स्टॉप’, ‘स्काय’ आहेत तसेच ठेवा. (‘केळं’ला ‘केयं’ म्हटलं म्हणून वऱ्हाडी माणसाला हसणारे पुणेकरही इंग्रजीत ‘पिल’ मागताना ‘बिल’च मागतात, हे जाता जाता.)

पण कान असा एका भाषेचा होतो कधी? फार लवकर. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना! पहिला वाढदिवस यायच्या आत कानाने घरात न लागणारं सामान माळ्यावर टाकलेलं असतं.

आपल्या माळ्यावर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ पडलेत. मराठी व या दोघांच्या मधला. खालचा ओठ दातांजवळ जातो पण घासत नाही, आणि ओठ पुरते गोलही होत नाहीत. इंग्रज अधिकाऱ्यांची या अक्षराने भलतीच तारांबळ उडवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला त्यांनी डब्ल्यू लावून ‘वुन’ केलं आणि आधी त्या जिल्ह्यालाच ते नाव होतं. यवतमाळ लिहिताना व हाती लागेना, म्हणून वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल. एका गावात डब्ल्यू झालेला व दुसऱ्या गावात ओ-मध्ये विरघळून गेला!

आणि आपण? आपण ‘वॉर्ड’ लिहितो, पण ‘व्हॅन’. ‘वॉटर’, पण ‘व्होट’. शाळेत हा नियम कोणी पाठ करून घेतला होता? बोलताना जो फरक निसटतो, तो लेखणी बिनचूक पाळते! मग तिचंच ऐका. जिथे व्ह लिहाल तिथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घरघर काढा. जिथे नुसता व, तिथे ‘ऊ’साठी करता तसे ओठ गोल करून सुटा.

आघाताचं प्रकरण मोठं आहे, पण एक उदाहरण पुरे. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर, ‘फिफ्टीन’मध्ये बहुधा शेवटच्या. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो आणि 15 मिलिग्रॅमचे 50 होण्याची सोय करतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे आकडे सुटे सांगणं: ‘वन फाइव्ह’.

वैमानिक तेच करतात, आणि त्यांची नियमावली तर आणखी पुढे गेलेली आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने रेडिओसाठी ठरवलेल्या उच्चारांत 5 म्हणजे ‘फाइफ’, 9 म्हणजे ‘नायनर’. 3 हा ‘थ्री’ नाहीच, ‘ट्री’ आहे, आणि हजार म्हणजे ‘टाउसंड’. जगातल्या फार थोड्या भाषांत असलेला तो दातांतून फुंकायचा थ तिथे औषधालाही सापडत नाही. आणि हे उच्चार लंडनमध्ये जन्मलेल्या वैमानिकालाही लागू आहेत.