गप्प राहण्याचीही रीत असते

जागतिक आनंद अहवालात २०२५मध्ये फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला आणि नेहमीचा प्रश्न पुन्हा निघाला: अनोळखी माणसाशी चकार शब्द न बोलणारे हे लोक सुखी कसे? या प्रश्नातच खोट आहे. न बोलणं म्हणजे तुसडेपणा, असं आपण धरून चालतो. फिनलंडशेजारी फ्रान्स ठेवून पाहिला, की हे गृहीतक टिकत नाही.

फ्रान्समध्ये सभ्यता बोलून दाखवावी लागते. बेकरीत शिरताना आधी ‘बाँझूर, मादाम’, मग पाव मागायचा, निघताना आभार आणि निरोप. ते पहिलं अभिवादन गाळलं, की काउंटरमागच्या बाईंचा सूर थंडावतो आणि ‘फ्रेंच लोक उर्मट’ म्हणत पर्यटक बाहेर पडतो. नीसमधल्या एका कॅफेनं २०१३मध्ये तसं दरपत्रकच लावलं होतं. नुसतं ‘एक कॉफी’ म्हणणाऱ्याला ७ युरो, सोबत ‘कृपया’ म्हणणाऱ्याला ४.२५ आणि आधी ‘बाँझूर’ही म्हणणाऱ्याला १.४०. पाटी गमतीची होती, पण तिच्यातली अपेक्षा खरी होती.

हेलसिंकीच्या ट्राममध्ये याच्या उलट. बाकी सीट रिकाम्या असताना अनोळखी माणसाला खेटून बसणं तिथं बरं दिसत नाही. समोरच्याचं बोलणं पुरतं संपू द्यायचं, क्षणभर थांबायचं, मग उत्तर द्यायचं. पॅरिसच्या जेवणाच्या टेबलावर मात्र मध्येच तोंड घालणं म्हणजे गप्पांत रस असल्याची खूण. जेवायला बोलावलं असेल, तर फ्रान्समध्ये यजमानाला सवड मिळावी म्हणून दहा-पंधरा मिनिटं उशिरा जातात. फिनलंडमध्ये ठरल्या वेळेला दारात हजर राहतात आणि आत येताच बूट काढतात. फ्रान्समध्ये अनोळखी प्रौढाला ‘तुम्ही’च म्हणायचं. फिनलंडमध्ये १९६०-७०च्या दशकांपासून ‘तुम्ही’ मागे पडलं. शाळेतली मुलं शिक्षकांनाही नावानं हाक मारतात.

या दोन देशांच्या तुलनेसाठी योहाना इसोसावी या फिनिश अभ्यासिकेचं काम मुद्दाम वाचावं. फ्रान्समध्ये राहणारे फिनिश आणि फिनलंडमध्ये राहणारे फ्रेंच, अशा परक्या मुलखात रुळलेल्यांनाच त्यांनी गटागटानं बोलतं केलं. एखादी रीत ज्याला जाणूनबुजून शिकावी लागते, त्याला ती जन्मापासून पाळणाऱ्यापेक्षा स्पष्ट दिसते. म्हणूनच मला ही पद्धत मोलाची वाटते.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाअभ्यासकांनी सभ्यतेच्या दोन बाजू मांडल्या आहेत: समोरच्याला आपलंसं करणं आणि त्याच्या मोकळिकीत ढवळाढवळ न करणं. प्रत्येक समाजात दोन्ही असतात. फ्रेंच ‘तुम्ही’मध्येही अंतर राखणं आहेच. पण ‘मी तुमची दखल घेतली’ हे फ्रेंच माणूस शब्दांनी सांगतो, आणि फिनिश माणूस तुम्हाला तुमची जागा देऊन.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी आपली मुलं आता या दोन्ही देशांत जातात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: पॅरिसमध्ये दुकानाची पायरी चढताच आधी अभिवादन करा. हेलसिंकीत लिफ्टमधला शेजारी बोलला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. तो तुमचा मानच राखतो आहे.